चिरणारे, टोचणारे, झोंबणारे

इंग्रजीतल्या समानार्थी शब्दांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना उज्जैनमध्ये बसून लिहिण्याला काही अर्थ आहे का, असे कोणी विचारले तर मी लंडनच्या एका डॉक्टरचा हवाला देईन. पीटर मार्क रोजे हे त्यांचे नाव. १८२७ ते १८४८ या काळात ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. १८०५ साली त्यांनी स्वतःच्या लेखनाच्या सोयीसाठी शब्दांची एक वही केली होती. निवृत्तीनंतर तीच वाढवत नेली आणि १८५२ मध्ये, वयाची त्र्याहत्तर वर्षे उलटल्यावर, ती ‘थिसॉरस’ या नावाने छापली. इंग्रजी लिहिणाऱ्या जगाच्या टेबलावर तेव्हापासून ते पुस्तक आहे. शब्द वर्णक्रमाने न लावता अर्थाच्या नात्याने लावायचे, ही त्याची कल्पना.

या पुस्तकाच्या प्रास्ताविकात एक तळटीप आहे. आपल्याआधी असा प्रयत्न कोणी केला होता का, याची नोंद रोजेंनी तिथे केली आहे. नावे मोजकीच आहेत आणि त्यांत सर्वांत जुने म्हणून पहिले नाव आहे अमरसिंहाच्या ‘अमरकोशा’चे. हेन्री कोलब्रुक यांनी इंग्रजी अर्थांसह सिद्ध केलेली अमरकोशाची आवृत्ती १८०८ साली श्रीरामपूरला छापली गेली होती. ती रोजेंनी पाहिली होती. मात्र कौतुक तिथेच संपते. अमराची वर्गवारी त्यांना फार अपुरी आणि गोंधळाची वाटली, विशेषतः मनाशी आणि अमूर्ताशी संबंध असलेल्या शब्दांची. देव, दानव, अग्नी, वारा, वेग हे सगळे एका ठिकाणी कसे, आणि पाप, पुण्य, बुद्धी, चवी, वास, रंग हे दुसऱ्या ठिकाणी एकत्र कसे, असा त्यांचा आक्षेप होता.

अमरसिंह उज्जैनचा. निदान आम्ही उज्जैनकर तसे म्हणतो. विक्रमादित्याच्या नवरत्नांत कालिदास आणि वराहमिहिर यांच्या बरोबरीने त्याचे नाव येते खरे. पण ती यादी ‘ज्योतिर्विदाभरण’ या बऱ्याच नंतरच्या ग्रंथातली आहे, आणि ही नऊ माणसे एका वेळी एका दरबारात बसली असतील यावर इतिहासकारांचा विश्वास नाही. गावाचा आहे. प्रस्तावनेपुरता मीही गावाच्या बाजूने आहे, कारण रोजेंच्या त्या आक्षेपाला उत्तर द्यायची मला बऱ्याच दिवसांपासून इच्छा आहे, आणि या पुस्तकाचा विषय त्यासाठी सोयीचा आहे.

विषय आहे ‘शार्प’ आणि त्याचे सगेसोयरे. कीन, अक्यूट, पंजंट, पॉइन्यंट, इन्सायसिव्ह, ट्रेंचंट, कॉस्टिक, मॉर्डंट, श्रूड, अस्ट्यूट, स्मार्ट आणि आणखी काही. कोणत्याही इंग्रजी-मराठी कोशात यांच्यापुढे ‘तीक्ष्ण’, ‘तीव्र’, ‘कुशाग्र’, ‘बोचरा’ हे चार शब्द आलटून पालटून लिहिलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतो, आणि मग आजीच्या तिखट आमटीला ‘इन्सायसिव्ह’ म्हणतो.

रोजेंच्या पुस्तकात शार्पनेस २५३ व्या क्रमांकावर आहे. तो ‘अवकाश’ या वर्गात, आकारांच्या प्रकरणात पडतो: फुगवटा, खोलगटपणा, मग तीक्ष्णपणा, त्याच्या समोर २५४ वर बोथटपणा, पुढे गुळगुळीत आणि खरखरीत. जिभेला लागणारा तिखटपणा पार तिकडे ‘द्रव्य’ या वर्गात, ३९२ वर. बुद्धी ४९८ वर, धूर्तपणा ७०२ वर. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. पाते ही आकाराची गोष्ट, मिरची ही द्रव्याची, बुद्धी ही बुद्धीची.

आता अमराकडे पाहा. पहिल्या कांडातल्या दिग्वर्गात सूर्य आणि ऊन यांचे शब्द आहेत. तिथे कोमट या अर्थाचे चार शब्द येतात, कोष्ण, कवोष्ण, मंदोष्ण आणि कदुष्ण. त्यांच्या पाठोपाठ तिग्म, तीक्ष्ण आणि खर. आणि लगेच मृगजळ. पाते नाही, टोक नाही. तीक्ष्ण म्हणताच अमराला आधी ऊन आठवते. मे महिन्याच्या दुपारी महाकालाच्या आवारातल्या फरशीवरून अनवाणी चाललेल्या कोणालाही हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. पुढे दुसऱ्या कांडात लोखंडाच्या नावांमध्ये तीक्ष्ण पुन्हा भेटतो. आणि तिसऱ्या कांडात, जिथे एका शब्दाचे अनेक अर्थ दिले आहेत, तिथे तीक्ष्णचे अर्थ म्हणून विष आहे, रणातली मारामारी आहे, लोखंड आहे, आणि विशेषण म्हणून पुन्हा तोच खर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ‘तीक्ष्ण’ हा गुप्तहेरांचा एक प्रकार आहे, जीव घेण्याच्या कामावर नेमलेला. म्हणजे ऊन, लोखंड, विष आणि मारेकरी. हा गोंधळ असेल तर तो अनुभवाचा आहे. ज्याच्यापासून अंग चोरून घ्यावेसे वाटते ते सारे एका शब्दाखाली आले आहे.

गंमत अशी की याबाबतीत अमराच्या बाजूने अलीकडे एक वेगळाच साक्षीदार उभा राहिला. मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळे तोंड का भाजते, याचा शोध घेताना डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला १९९७ मध्ये मज्जातंतूंवरचा एक ग्राहक सापडला. टीआरपीव्ही-वन हे त्याचे नाव. हाच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. मिरची आणि चटका यांची वर्दी मेंदूकडे एकाच दारातून जाते. २०२१ चे वैद्यकाचे नोबेल ज्युलियस यांना मिळाले त्यात या शोधाचा मोठा वाटा होता. इंग्रज मिरचीला ‘हॉट’ म्हणतो आणि अमर तीक्ष्णाला उन्हाशेजारी बसवतो, तेव्हा दोघेही शरीराचे ऐकत असतात. रोजेंची २५३ आणि ३९२ मधली भिंत कागदावर ठीक आहे; जिभेला ती माहीत नाही.

मात्र एक मोठा फरक आहे. रोजेंच्या पुस्तकाखाली एक पूर्ण वाढलेली, भरपूर उसनवारी करून श्रीमंत झालेली भाषा आहे. तिच्यात एकाच अर्थासाठी एक शब्द जुन्या इंग्रजीतला, एक फ्रेंचमधून आलेला आणि एक थेट लॅटिनमधून उचललेला असे तीन-तीन शब्द असतात. तिघांची कामे हळूहळू वेगळी होत जातात. आमच्याकडे नेमके उलट झाले आहे, आणि माळव्यात तर फारच.

माळव्यातल्या मराठीविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण हे पुस्तक तिच्यातून निघाले आहे. राणोजी शिंद्यांबरोबर मराठी माणसे इथे आली. त्यांचे दिवाण रामचंद्र बाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. दौलतराव शिंद्यांनी आपली गादी ग्वाल्हेरला हलवली तरी इथली घरे हलली नाहीत. गोपाळ मंदिर बायजाबाईंनी बांधले ते आजही भर बाजारात उभे आहे. तेव्हापासून घरात मराठी, दारात माळवी आणि शाळेत हिंदी, असे इथल्या माणसाचे चालले आहे. १९४३ च्या ‘तार सप्तक’मधल्या सात हिंदी कवींपैकी गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे या दोघांची मातृभाषा मराठी होती आणि दोघांचाही उज्जैनशी जवळचा संबंध होता, माचवे इथल्या माधव कॉलेजात शिकवत असत. अशा घरांत भाषा एकमेकींत मिसळणारच. मिसळण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एका शब्दाने बाकीचे गिळण्याला, आणि तो शब्द आहे ‘तेज’.

उज्जैनच्या मराठी घरात चहा तेज होतो, मिरची तेज असते, ताप तेज असतो, पोरगा गाडी तेज चालवतो, शेजारची मुलगी अभ्यासात तेज असते, सासूची जीभ तेज असते, उन्हे तेज असतात आणि बाजारात डाळीचे भावही तेज असतात. पुण्याच्या माणसाला यातली निम्मी वाक्ये खटकतील, कारण त्याच्या मराठीत तेज म्हणजे चेहऱ्यावरचे तेज, नाम. आणि आमचे तेज हे हिंदीवाटे आलेले फारसी विशेषण. पण दोन्ही शब्द एकाच जुन्या घराण्यातले आहेत. संस्कृतातला तिज् हा धातू धार लावण्याच्या अर्थाचा. त्यापासून तिग्म, तीक्ष्ण आणि तेजस् आले. इराणी शाखेत त्याचाच भाऊबंद तेज झाला. ग्रीकमध्ये टोचून उमटवलेल्या डागाला ‘स्टिग्मा’ म्हणाले, तो याच गोतावळ्यातला. इंग्रजीत तो आज कलंकाच्या अर्थाने चालतो. लॅटिनमधून आलेला ‘इन्स्टिगेट’, म्हणजे डिवचणे, भरीस घालणे, हाही त्यातलाच. आणि ज्याचे मला नेहमी नवल वाटते ते म्हणजे तितिक्षा. सहनशीलतेचा हा शब्दसुद्धा तिज् पासूनच, आणि पाणिनीने त्याची सोय सूत्रात केली आहे. धार सोसण्याची ताकद धारेच्याच धातूतून यावी, हे संस्कृतला साधले आहे. इंग्रजीत मला याला जोड सापडलेली नाही.

तर असा हा ‘तेज’ घेऊन आमचा विद्यार्थी इंग्रजीच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, तेजला इंग्रजीत काय म्हणतात? इंग्रजी उलट विचारते: तेज काय आहे, आणि ते कोणाला लागते आहे? चहाला ‘स्ट्राँग’, मिरचीला ‘हॉट’, तापाला ‘हाय’, गाडीला ‘फास्ट’, मुलीला ‘ब्राइट’, जिभेला ‘शार्प’, उन्हाला ‘हार्श’ आणि भावाला ‘स्टीप’. विशेषण नामाला पाहून निवडायचे, एवढे एक पटले तरी या पुस्तकाचे निम्मे काम झाले. समानार्थी शब्दांच्या बहुतेक याद्या विशेषणापासून सुरू होतात. संगणकावर शब्दावर उजवी कळ दाबली की उघडणारी यादीही तशीच असते. म्हणून त्या यादीतला पहिला शब्द उचलणारा हमखास फसतो.

दुसरे निम्मे काम मला अधिक आवडीचे आहे. तीक्ष्ण वस्तू अंगाला काय करते, या प्रश्नावर हे शब्द तीन कुळांत पडतात. काही चिरतात, काही टोचतात, काही झोंबतात. मराठीत आपण हा भेद अंगवळणी पडल्यासारखा पाळतो: विळी धारदार असते, सुई टोकदार असते, खिळा अणकुचीदार असतो. विळीला अणकुचीदार म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. इंग्रजीत ‘शार्प’ सुरी आणि सुई दोघींनाही चालतो, म्हणून तिथे हा भेद झाकला जातो. पण शार्पच्या मागे उभे असलेले शब्द तो सोडत नाहीत.

चिरणाऱ्यांत लॅटिनमधला कापण्याचा धातू फार कामाचा ठरला. ‘इन्सायसिव्ह’ म्हणजे आत चिरत जाणारा. समोरचे दात ‘इन्सायझर’ आणि वैद्यांची चीर ‘इन्सिजन’ याच कुळातली. ‘डिसाइड’ म्हणजे कापून वेगळे करणे. आपण एक घाव दोन तुकडे म्हणतो तेच. ‘कन्साइज’ आणि ‘प्रिसाइज’ यांतही फाजील भाग छाटलेला आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला ‘ट्रेंचंट’ खंदकाच्या ‘ट्रेंच’चा सख्खा नातलग. पाते मधून गेले की वस्तूचे दोन भाग होतात आणि आतले दिसते. म्हणून हे शब्द विश्लेषणाला, टीकेला, निर्णयाला लागतात. इन्सायसिव्ह प्रश्न मुद्द्याच्या गाभ्यापर्यंत जातो आणि ऐकणाऱ्याला राग येईलच असे नाही. ट्रेंचंट टीकेत जोर जास्त आणि आडपडदा कमी. ‘कटिंग’ मात्र माणसाला कापते. कटिंग बोलणे जिव्हारी लागते, आणि तसे ते लागावे अशीच बोलणाऱ्याची इच्छा असते. (मुंबईचा कटिंग चहा निराळा. तो कोणालाच लागत नाही.)

टोचणाऱ्यांची गोष्ट वेगळी. टोक आत शिरते, दोन भाग करत नाही, आणि शिरल्यावर तिथेच दुखत राहते. लॅटिनमधल्या टोचण्याच्या एका धातूपासून ‘पॉइंट’, ‘पंक्चर’, ‘पंक्च्युअल’, ‘पंजंट’ आणि ‘पॉइन्यंट’ हे सगळे निघाले. यातले शेवटचे दोन आरंभी एकमेकांच्या कामात लुडबुडत असत. चौदाव्या शतकात चॉसरने झणझणीत सॉससाठी पॉइन्यंट वापरला आहे. आज तसे कोणी लिहिले तर खानसाम्याच्या डोळ्यांत पाणी आले असे वाटेल. पंजंट नाकाकडे गेला: हिंग, लसूण, मोहरीची फोडणी. पॉइन्यंट काळजाकडे गेला: निरोपाचे पत्र, रिकामे घर. मराठीत पॉइन्यंटला ‘हृदयस्पर्शी’ लिहितात, पण स्पर्शाने टोचत नाही. ‘चटका लावणारा’ जवळचा, आणि ‘हुरहूर लावणारा’ काही ठिकाणी त्याहून जवळचा.

लॅटिनमधल्या सुईच्या शब्दापाशी ‘अक्यूट’चे कुळ भेटते. ‘अ‍ॅसिड’, ‘अ‍ॅक्रिड’, ‘व्हिनेगर’ आणि ‘ईगर’ हे त्याचे भाऊबंद. भूमितीतला अक्यूट म्हणजे लघुकोन, तिथे अडचण नाही. अडचण दवाखान्यात येते. डॉक्टरने आजार अक्यूट आहे म्हटले की घरचे ‘तीव्र’ असे भाषांतर करतात आणि घाबरतात. वैद्यकात अक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेला आणि थोड्या काळाचा. त्याचा विरुद्धार्थी ‘क्रॉनिक’, म्हणजे रेंगाळणारा. साधी सर्दीसुद्धा अक्यूट असते. पण पाण्याच्या टंचाईला अक्यूट म्हटले की तिथे ती खरोखरच तीव्र असते. म्हणजे पुन्हा नाम पाहा.

झोंबणारे शब्द चावतात किंवा जाळतात. ‘बायटिंग’ आणि ‘बिटर’ दोघेही चावण्यातून आले. ‘कॉस्टिक’ ग्रीकमधल्या जाळण्यातून. कॉस्टिक सोड्याने हात भाजलेल्याला कॉस्टिक बोलणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. ‘मॉर्डंट’ हा फ्रेंचमधला चावरा शब्द, काळ्या विनोदासाठी वापरतात. पण रंगाऱ्याकडे त्याचा एक सभ्य अर्थ आहे. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटीसारखा जो पदार्थ वापरतात त्याला मॉर्डंट म्हणतात, कारण तो कापडात दात रोवतो. उज्जैनच्या भैरवगढची छपाई प्रसिद्ध आहे. छापील चादर दहादा धुऊनही रंग का सोडत नाही हे ज्याला कळले त्याला मॉर्डंट विनोद का विसरता येत नाही तेही कळेल.

चवींचे एक कोडे इथेच सांगून टाकतो. आयुर्वेदात ‘कटु’ म्हणजे सुंठ, मिरे, पिंपळी यांची चव. त्रिकटू हे नाव त्यावरूनच. आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबाची. मराठीत कटुचा ‘कडू’ झाला आणि तो कडुनिंबाकडे गेला. तिखटाने तीक्ष्णाचे कुळ धरले आणि तो मिऱ्याकडे, पुढे पोर्तुगीजांबरोबर आलेल्या मिरचीकडे गेला. म्हणजे वैद्याचा कटु आणि गृहिणीचा कडू एकाच ताटात उलट्या बाजूंना बसतात. त्यात आपण ‘तिखट’ हे नामही केले, डब्यातले लाल तिखट, जे इंग्रजीला जमलेले नाही. रतलामी सेव खाऊन पाहुण्याने ‘शार्प’ म्हटले तर त्याला काहीतरी आंबट लागले असे समजावे. इंग्रजीत शार्प चव म्हणजे लिंबाची, मुरलेल्या चीजची. सेवेतल्या लवंगेला पंजंट, मिरचीला हॉट, कच्च्या कैरीला ‘टार्ट’, आणि फोडणी करपल्यावर घरभर पसरतो त्या धुराला अ‍ॅक्रिड.

बोलण्या-लिहिण्याच्या धारेसाठी उदाहरणे मी मराठीतूनच घेतली आहेत. इंग्रजी निबंधकारांची नावे सांगून काही बोध होत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ला सुरू झाली. तिच्यातली व्यक्तींवरची टीका कटिंग आहे, ज्याच्यावर आहे त्याला ती आयुष्यभर पुरेल. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ चा. आगरकर चिरतात ते रूढीला, म्हणून ते इन्सायसिव्ह, आणि रागावले की ट्रेंचंट. शिवराम महादेव परांजप्यांच्या ‘काळ’ची (१८९८) तऱ्हा तिसरीच. वरून स्तुती, आत गळ. इंग्रजीत त्याला ‘बार्ब्ड’ म्हणतात, बाहेर ओढताना जास्त दुखणारा. आपला ‘खोचक’ त्याच्या जवळ जातो. राजद्रोहाच्या खटल्यात १९०८ मध्ये सरकारने परांजप्यांना शिक्षा ठोठावली, तेव्हा तो गळ बरोबर लागला होता असेच म्हणायचे. आणि आचार्य अत्रे? अत्र्यांना या पुस्तकात जागा नाही. त्यांच्या हातात पाते नव्हते, घण होता.

‘खरमरीत’ या आपल्या शब्दाला इंग्रजीत पूर्ण जोड नाही, हे इथे नोंदवतो. खरमरीत पत्रात राग असतो, पण शिस्तही असते, आणि लिहिणाऱ्याला ते लिहून बरे वाटलेले असते. इंग्रजीत फार तर ‘स्टिंगिंग’ म्हणता येते. त्यात बरे वाटणे येत नाही.

बुद्धीच्या शब्दांपाशी सगळ्यात जास्त सांभाळावे लागते, कारण इथे धारेबरोबर नीतीही येते. शार्प माणूस चटकन समजतो आणि फसत नाही. ‘कीन’ या शब्दात बुद्धीपेक्षा उत्साह आणि निरीक्षण अधिक. हा शब्द मुळात चिरण्या-टोचण्याचा नव्हेच; जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धाडसी असा होता, आणि त्याचा जर्मन भाऊ आजही धाडसीच आहे. ‘अस्ट्यूट’ आणि ‘श्रूड’ दोघेही व्यवहारात पक्के. अस्ट्यूटला पुढचे दिसते, श्रूडला समोरच्याचे पाणी कळते. श्रूड एके काळी दुष्ट या अर्थाची शिवी होती, आता प्रशस्ती आहे. ‘स्मार्ट’ची मजल त्याहून मोठी. त्याचा मूळ अर्थ झोंबणे, आणि क्रियापद म्हणून तो अजूनही जखमेला झोंबतो. ‘कनिंग’ उलट वाटेने गेला: आधी नुसता जाणकार, आता लबाड. आपल्याकडे शिफारसपत्रात विद्यार्थ्याला कौतुकाने कनिंग म्हटलेले आढळते. त्या विद्यार्थ्याचे पुढे काय होत असेल याची कल्पना करवत नाही. मराठीत ही उतरण आपण बरोबर ओळखतो: कुशाग्र, तल्लख, चतुर, चाणाक्ष, चलाख, बेरकी, बनेल, लबाड. जावई चतुर असावा, व्यापारी चाणाक्ष असावा, आणि बेरकी माणूस शक्यतो दुसऱ्याच्या गल्लीत असावा. इंग्रजी शब्द निवडताना या शिडीची कोणती पायरी हवी हे आधी मराठीत ठरवावे.

व्यवहारातले काही वापर तर सरळ उलटे आहेत. ‘शार्प प्रॅक्टिस’ म्हणजे चोख व्यवहार नव्हे. ती कायद्याच्या कडेकडेने केलेली लबाडी असते. आमच्याकडे भाव तेज म्हणजे महाग. इंग्लंडमध्ये दुकानावर ‘कीन प्राइसेस’ अशी पाटी असली तर आत स्वस्त मिळते. गाण्यात शार्प म्हणजे सूर चढा लागला, आणि ती तक्रार आहे; मात्र स्वराचे नाव म्हणून शार्प निर्दोष आहे. भातखंड्यांच्या लिपीत तीव्र मध्यमाच्या डोक्यावर जी उभी रेघ येते, तिचे काम पाश्चात्त्य लिपीत शार्पची खूण करते. ‘सहा वाजता शार्प’ आपण सगळेच म्हणतो आणि साडेसहाला पोचतो.

पुस्तकाची रचना या तीन कुळांवर आणि प्रत्येक कुळात नामांवर केली आहे: पाते, टोक, चव, वास, आवाज, थंडी-वारा, दुखणे, बोलणे, बुद्धी, व्यवहार. एखादा शब्द दोन ठिकाणी आला असेल तर ते मुद्दाम आहे. वर्णक्रमाची सूची शेवटी आहे, पण तिच्यापासून सुरुवात करू नये. रोजेंना हे पाहून पुन्हा गोंधळ वाटला असता. त्यांच्या २५३ क्रमांकाचा मी भरपूर उपयोग करून घेतला आहे आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. मांडणी मात्र अमराच्या बाजूने झुकलेली आहे.

वाचकांना एक विनंती. उज्जैन, इंदूर, देवास आणि (नावातच धार असलेल्या) धारच्या मराठी घरांत ‘तेज’ येण्याआधी वापरात असलेले शब्द वडीलधाऱ्यांना अजून आठवत असतील: चहासाठी, उन्हासाठी, जिभेसाठी, सुरीला धार लावण्याच्या निरनिराळ्या कामांसाठी. असे शब्द, ते ज्या वाक्यात ऐकले त्या वाक्यासह आणि गावाच्या नावासह, प्रकाशकांकडे लिहून पाठवावेत. पुढच्या आवृत्तीत त्यांना प्रत्येक नामाखाली, इंग्रजी शब्दांच्या आधी जागा दिली जाईल.